घाट चढून जुन्नरला: एक तालुका नीट कसा पाहावा

जुन्नर बहुतेकांनी पाहिलेलं असतं, पण कसं? सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, संध्याकाळी ओझर आणि रात्री घरी. फोटो मिळतात, दर्शन होतं, पण ही तिन्ही ठिकाणं एकाच मुलखात का आहेत, हे मात्र कळत नाही. गणपतीच्या डोंगरात एवढी बौद्ध लेणी कुठून आली? एका तालुक्यात इतके किल्ले कशाला लागले? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: वाट. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि तिथून पैठणकडे जायचा. या वाटेवरच्या पैशातून लेणी कोरली गेली आणि तिच्या रखवालीसाठी जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी उभे राहिले. म्हणून माझा आग्रह आहे की हा तालुका कोकणातून, पायी, घाट चढून पाहावा. चार दिवस काढता आले तर उत्तम. दोनच असतील तर काय गाळायचं तेही पुढे सांगितलं आहे.

आधी घरी बसून

निघण्याच्या आठवडाभर आधी तीन कामं करा. पहिलं नकाशाचं. मोबाइलवरच्या नकाशात डोंगरांचा उठाव दाखवणारा पर्याय असतो, तो लावा आणि मुरबाड ते जुन्नर हा पट्टा मोठा करून बघा. सह्याद्रीची भिंत उभी दिसेल आणि तिच्यात जिथे खाच आहे तिथे घाटवाट असेल. नाणेघाटाची खाच सापडली की तिथून पूर्वेकडे कुकडीच्या खोऱ्यावर नजर फिरवा. जीवधन अगदी तोंडाशी आहे, मग चावंड, उत्तरेला हडसर आणि खोऱ्याच्या तोंडावर जुन्नर शहर, त्याला टेकून शिवनेरी. हे चित्र डोक्यात बसलं की प्रत्यक्ष फिरताना कोणी काही सांगायची गरज उरत नाही. हाच नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण घाटमाथ्यावर रेंजचा भरवसा नाही.

दुसरं काम वाचनाचं. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५ साली निघालं आणि ते आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यातला जुन्नरचा भाग काढा. सगळा वाचायची गरज नाही. लेण्यांचे गट आणि किल्ल्यांच्या वाटा एवढं वाचलं तरी बास. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी काय शाबूत होतं आणि आज काय आहे, हे जागेवर ताडून बघता येतं.

तिसरं काम फोनचं. घाटघर हे नाणेघाटाच्या माथ्यावरचं गाव. तिथे घरगुती मुक्कामाची आणि जेवणाची सोय होते, पण न सांगता गेलात तर ऐनवेळी त्या घरची धावपळ होते. आधी कळवा, किती माणसं, किती वाजता पोचणार, रात्री काय जेवणार हे नक्की करा. पैसे रोखीने द्यायची तयारी ठेवा.

कधी जायचं

नाणेघाट म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा आठवतो. तो देखावा खरंच विलक्षण आहे. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात आणि धुक्यात लेण्याचं तोंडही दिसत नाही. पावसाळ्यातच जायचं असेल तर मधला वार धरा आणि पर्यटनस्थळांवर बंदीचा आदेश निघाला आहे का, याची निघण्याआधी खात्री करा. घाटमाथ्यावर असे आदेश दर पावसाळ्यात निघतात.

जुन्नरच्या पावसाची तक्रार जुनीच आहे. १५व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला आला आणि पावसाळाभर इथे अडकला. सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला, तो परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. एका घोड्यासाठी माणूस समुद्र ओलांडून या गावात येतो, यावरून त्या काळची जुन्नरची पेठ काय असेल याची कल्पना येते.

माझी पसंती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाला आहे. सुरुवातीला गवत हिरवं असतं आणि माथ्यावर रानफुलं असतात. पुढे गवत पिवळं पडलं की किल्ल्यांची तटबंदी, टाकी, पायऱ्या उघड्या पडतात, त्यामुळे अवशेष शोधणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारी जास्त सोयीचा. थंडी मात्र चांगलीच असते, घाटघरला रात्री स्वेटर लागतोच. मार्चनंतर दुपारी लेण्यांत बसायला बरं वाटतं, पण कातळ तापतो आणि किल्ले चढणं नकोसं होतं.

पहिला दिवस: वैशाखरे ते नाणेघाट

कल्याण स्टेशनबाहेरच्या एसटी स्टँडवरून मुरबाड-माळशेजमार्गे जाणारी गाडी धरा. आळेफाटा, ओतूर, जुन्नर, अहिल्यानगर, कुठलीही चालेल. तिकीट काढतानाच कंडक्टरला सांगा की टोकावड्यापुढे, वैशाखऱ्यानंतर नाणेघाटाच्या वाटेला उतरायचंय. लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबेल का, हे बसण्याआधी विचारलेलं बरं. पहाटेची गाडी घेतली तर आठ-साडेआठला चालायला सुरुवात होते.

रस्त्यावरूनच नानाचा अंगठा दिसतो, आकाशात वर काढलेला कातळाचा सुळका. तो डोळ्यांसमोर ठेवला की दिशा चुकत नाही. सुरुवातीची वाट जंगलातून, सपाट आहे. मग एक टप्पा चढ, पुन्हा सपाटी आणि शेवटी दगडी बांधणीचा उभा चढ. रमतगमत अडीच-तीन तास पुरतात. वाटेत भरवशाचं पाणी नाही, म्हणून माणशी तीन लिटर घ्या. या शेवटच्या चढावर थोडं थांबून पायाखाली बघा. घासून गुळगुळीत झालेले दगड आणि वाटेच्या कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतील. लादलेल्या बैलांचे तांडे याच वाटेने वर जायचे.

घाटाच्या तोंडाशी लेणं आहे. ही राहायची, थांबायची जागा. तीन बाजूंनी कातळातला ओटा, मध्ये मोकळी चौकोनी खोली. बॅगा उतरवून तिथे तासभर तरी काढा. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो आणि इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. सुरुवात ‘सिद्धं’ने होते. पुढे धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची जंत्री: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण ही नाणी. दक्षिणेचे आकडे अक्षरांत लिहून थांबलेले नाहीत, ते अंकांतही कोरले आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी हे अंक आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा आहेत.

हा लेख दिसावा कसा, ते सांगतो. टॉर्च समोरून मारलात तर भिंत नुसती उजळते, अक्षर एकही दिसत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने, आडवा प्रकाश टाका. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि ओळीच्या ओळी वर येतात. मोबाइलच्या दिव्यानेही हे जमतं. एकाने दिवा धरायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. अक्षरांवर पाणी, खडू, पावडर काही लावू नका, बोटंही फिरवू नका. दोन हजार वर्षं टिकलेली रेघ आपल्या घामाने झिजता कामा नये.

मागच्या भिंतीकडे वळा. तिथे सातवाहन कुटुंबाचे पुतळे होते. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन अशी नावं वर कोरलेली होती. आज खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राजघराण्याने घाटवाटेवर आपले पुतळे बसवावेत, यज्ञांचा हिशेब तिथे कोरावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने मुलूख कोणाचा आहे हे पाहावं म्हणूनच ती जागा निवडली असणार.

तिथून दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या नळीतून वर आलात की पठार. बाहेर पडताच दगडी रांजण दिसतो. जकातीचा रांजण म्हणून तो प्रसिद्ध आहे. नानाच्या अंगठ्यावर सूर्यास्ताला जा, पण कड्याच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका, वारा फसवा असतो.

घाटघर आणि आसपासच्या वाड्यांत प्रामुख्याने महादेव कोळी समाज राहतो. भाताचं एक पीक आणि उन्हाळ्यातला बाळहिरडा यांवर इथल्या घरांचं वर्षाचं गणित बसतं. उन्हाळ्यात गेलात तर कातळावर, अंगणात, कधी रस्त्याच्या कडेला हिरडा वाळत घातलेला दिसेल. त्यावरून गाडी घालू नका, तुडवू नका. रात्रीच्या जेवणाला घरात जे शिजलं असेल तेच मागा.

दुसरा दिवस: जीवधन किंवा चावंड

इथे तुम्हाला निवड करावी लागेल, आणि ती प्रामाणिकपणे करा.

ज्यांना किल्ल्यांची सवय आहे, उंचीची भीती नाही आणि हवा कोरडी आहे, त्यांनी जीवधन चढावा. १८१८ साली इंग्रजांनी पायऱ्यांचा मार्ग सुरुंगाने उडवला, त्यामुळे काही टप्पे हाता-पायांनी चढावे लागतात. गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या, त्याला ठरलेला मोबदला द्या, सोबत दोर असू द्या. पाऊस किंवा दव असेल तर हा किल्ला सोडून द्या. वर दगडी धान्यकोठी आहे, आत अंधार आहे, टॉर्च लागतो. पश्चिमेच्या टोकावरून वानरलिंगीचा सुळका आणि खाली नाणेघाटाची सगळी वाट एका नजरेत येते. निजामशाहीतला लहानगा मुर्तजा याच किल्ल्यावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला इथून सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने काही वर्षं मोगलांशी झुंज दिली. ही गोष्ट किल्ल्यावर उभं राहून आठवावी, कारण पुढच्या दिवशी आपण शिवनेरीवर जाणार आहोत.

मुलं बरोबर असतील किंवा गुडघे कुरकुरत असतील तर चावंड बरा. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, अवघड जागी लोखंडी आधार आहे. महाराजांनी याचं नाव प्रसन्नगड ठेवलं. वर एकाला लागून एक अशी सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. उतरल्यावर जवळच्या पूरला जा. कुकडीचा उगम तिथेच आणि काठावर कुकडेश्वराचं कोरीव मंदिर. घाईने दर्शन घेऊन निघू नका, बाहेरच्या भिंतीवरून एक सावकाश फेरी मारा.

घाटघर-जुन्नर अंतर तीसेक किलोमीटर आहे. या रस्त्यावर एसटी मोजक्याच आहेत. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर ती पहाटे परत निघते. ती कितीला सुटते आणि संध्याकाळची शेवटची कधी, हे आदल्या रात्रीच यजमानांना विचारून ठेवा. वेळापत्रकावर विसंबण्यापेक्षा त्यांचा शब्द खात्रीचा. एसटी चुकली तर जीप मिळते, भाडं आधी ठरवा. जाताना माणिकडोह धरणाचं पाणी रस्त्याला सोबत करतं. खिडकी उजवी की डावी यावरून भांडण होतं इतका तो रस्ता सुंदर आहे.

मुक्काम जुन्नर शहरात. जेवणाला मासवडी मागा. नाव मासवडी असलं तरी पूर्ण शाकाहारी. बेसन शिजवून थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं, वळून माशासारखा आकार द्यायचा आणि कापायचं. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा वेगळ्या वाटीत घ्या, नाहीतर वड्या मऊ पडतात.

तिसरा दिवस: तुळजा लेणी आणि शिवनेरी

जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत, देशात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. सगळी पाहणं अशक्य आणि अनावश्यकही. पण तुळजा लेणी चुकवू नका. शहराच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर आहेत, रिक्षाने पायथ्यापर्यंत जाता येतं, पुढे थोडाच चढ आहे. सकाळी लवकर गेलात तर बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता.

इथला चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, गोल आहे. भारतात कोरलेल्या चैत्यगृहांत गोल आराखडा अगदी विरळा. मध्ये स्तूप, त्याभोवती १२ अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. खांबांना ना बैठक ना शीर्ष, जमिनीतून सरळ उगवून छताला भिडलेले. सरावाने कोरलेल्या मोठ्या लेण्यांत जी ऐट असते ती इथे नाही, म्हणूनच ते इतकं भिडतं. इ.स.पूर्व पहिल्या शतकातलं, म्हणजे नाणेघाटातल्या लेखाच्या आसपासचं हे काम. स्तूपाभोवती एक फेरी घाला, प्रत्येक दोन खांबांमधून मध्यभागी बघा. नंतर बाहेर येऊन शेजारच्या लेण्यांच्या दर्शनी भागावरची स्तूपपूजा करणारी जोडपी शोधा. बऱ्याच लेण्यांचा पुढचा भाग कोसळलेला आहे, त्यामुळे आतल्या खोल्या कापून दाखवल्यासारख्या उघड्या पडल्या आहेत. लेणं कसं कोरलं जायचं हे शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

दहापर्यंत शिवनेरीच्या पायथ्याशी या. सात दरवाजांची पायऱ्यांची वाट सोपी आहे, तास-पाऊण तासात वर पोचता. साखळीच्या वाटेने जाण्याचा हट्ट सवय असलेल्यांनीच धरावा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म इथे झाला. जन्मस्थानाच्या वास्तूत सगळेच जातात. त्याखेरीज तीन जागा आवर्जून बघा. पहिली शिवाई देवीच्या देवळाजवळची लेणी. किल्ला होण्याच्या शेकडो वर्षं आधी हा डोंगर भिक्षूंचा होता. दुसरी गंगा-जमुना ही जिवंत पाण्याची टाकी आणि अंबरखाना. १६७०च्या दशकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर इथे आला होता, तेव्हा किल्ला मोगलांकडे होता. एक हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री वर आहे, असं त्याने लिहिलं आहे. तिसरी कोळी चौथरा. १७व्या शतकाच्या मध्याला मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून इथे मारण्यात आलं. पहिल्या रात्री घाटघरला ज्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या पूर्वजांची ही जागा. तिथे फलकापुढे क्षणभर थांबून पुढे जाणारेच जास्त. तुम्ही टेका.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जन्मस्थान असूनही हा किल्ला महाराजांच्या हाती कधी आला नाही. १६५७ला त्यांनी जुन्नरची पेठ लुटली, पुढे किल्ला घेण्याचा प्रयत्न फसला. मराठ्यांकडे तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ला आला. कडेलोट टोकाजवळून पेठ पायाशी दिसते. हे अंतर बघितलं की त्या प्रयत्नांची जिद्द आणि अडचण दोन्ही कळतात. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला, शिवनेरी त्यांतला एक. त्यामुळे गर्दी वाढली आहे. रविवार टाळा.

चौथा दिवस: लेण्याद्री, आणि पाय शिल्लक असतील तर मानमोडी

लेण्याद्री शहरापासून पाचेक किलोमीटर. पायऱ्या बऱ्याच आहेत, वयस्कर माणसांसाठी डोली मिळते. वर भारतीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. गिरिजात्मजाचं दर्शन घेताना तुम्ही एका बौद्ध विहारातच उभे असता. एकही खांब नसलेलं ते प्रचंड दालन आणि तिन्ही बाजूंच्या खोल्या आधी नीट बघून घ्या. मग शेजारच्या, सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जा. बहुतेक भाविक तिकडे वळत नाहीत. खांबांच्या माथ्यावर हत्ती, बैल, वाघ बसलेले आहेत आणि दाराशी एक ओळीचा छोटा लेख आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचं हे दान.

कल्याणचा माणूस! ज्या घाटाने आपण पहिल्या दिवशी चढलो, त्याच घाटाने त्याचं येणं-जाणं असणार. बाकीचे लेखही असेच बोलके आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. तीन यवनांनीही, म्हणजे ग्रीक वंशाच्या परदेशी माणसांनीही, जुन्नरच्या लेण्यांना दानं दिली. राजांची नावं तिथे थोडी आणि पेठेतल्या माणसांची जास्त आहेत. ही लेणी जुन्नरच्या बाजाराने कोरून घेतली, हे चार दिवस वाट तुडवल्यावर आपोआप पटतं.

मानमोडीचा डोंगर शहराच्या दक्षिणेला, नारायणगावच्या रस्त्याजवळ. भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तीन गट आहेत. वाटा पुसट आहेत, म्हणून माहीतगार हवा. भीमाशंकर गटात शक राजा महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाकं दिल्याचा, ४६व्या वर्षाचा लेख आहे. भूतलिंग गटाच्या कमानीत कमळावरची गजलक्ष्मी दिसते. तो दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने करवून घेतला.

थोडं सावधपणाचं

जुन्नरचा ऊस म्हणजे बिबट्याचं घर. अतिशयोक्ती अजिबात नाही. अंधार पडल्यावर आणि पहाटे शेताकडेच्या रस्त्याने एकट्याने चालू नका, लहान मुलांना मधे ठेवा, बोलत चला, टॉर्च चालू ठेवा. अंधारात उघड्यावर वाकून किंवा बसून राहणं सगळ्यांत धोक्याचं. गावकरी संध्याकाळी बाहेर पडू नका म्हणाले तर वाद घालू नका.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात, लेण्याद्री आणि शिवनेरीवरही. अत्तर, डिओ लावू नका, धूर करू नका, ड्रोन उडवू नका, आरडाओरडा करू नका. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाकून तिथून लांब व्हा, हातवारे करत उभे राहू नका.

दिवस कमी असतील तर

दोनच दिवस असतील तर पहिला दिवस नाणेघाटाचा तसाच ठेवा, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जुन्नरला येऊन तुळजा आणि लेण्याद्री करा. शिवनेरी गाळायला मन धजावत नाही हे खरं, पण तिथे पुन्हा जाणं होतंच. ज्यांना घाट चढवणार नाही त्यांनी जुन्नरहून गाडीने घाटघरला जाऊन नळीतून लेण्यापर्यंत खाली उतरावं. उतार थोडाच आहे, पण दगड ओले असतील तर काठी हवी.

दिवस जास्त असतील तर ओतूरला कपर्दिकेश्वराकडे जा, श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी करतात. नारायणगाव हे तमाशाचं मोठं केंद्र, यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. तिथून जवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला मिळते, मुलांना जरूर न्या. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी, आणे घाटात गुळुंचवाडीचा नैसर्गिक दगडी पूल. हे सगळं नारायणगाव किंवा आळेफाटा धरून एका दिवसात होतं, आणि तिथून पुण्या-नाशिकची गाडी केव्हाही मिळते.

ही रीत एकदा हाताला लागली की दुसरीकडेही चालते. बंदर, घाट, पेठ, लेणी आणि राखणीचे किल्ले असा क्रम लावायचा आणि खालून वर जायचं. बोरघाट घेतलात तर कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर ओळीने येतात. दाभोळच्या खाडीपासून सुरुवात केलीत तर चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण आणि कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी. चिपळूणहून घाट चढणाऱ्या कऱ्हाडच्या एसटी दिवसभर आहेत. पहिली गाडी धरलीत तर दुपारचं ऊन चढायच्या आत आगाशिवला पोचाल.